क्लॅरिनेटवर मींड काढायची तर कोणता माउथपीस? वँडोरेन बी ४५ आणि त्याच्या जोडीच्या रीड्स

मींडेसाठी, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जाण्यासाठी, वँडोरेन कंपनीचा बी ४५ माउथपीस घ्यावा का? घ्यावा, पण सोबत २½ नंबरची रीड (माउथपीसवर कंप पावणारी वेताची पट्टी; नंबर मोठा तितकी ती कडक) घेणार असाल तरच. याच माउथपीसवर ३½ची रीड लावली की स्वर जागचा हलत नाही, ओठ दुखतात आणि दोष माउथपीसच्या माथी जातो. दुसऱ्या टोकाला, ‘मींड हवी तर जॅझचा माउथपीस घे’ असं ऐकून थेट ५जेबी आणणारेही पुष्कळ आहेत. नवशिक्याच्या हाती ५जेबी देणं चूक, असं आमचं स्पष्ट मत आहे. का ते पुढे येईलच.

एक गोष्ट आधी सांगायला हवी. कोणताही माउथपीस मींड काढून देत नाही, फार तर काढू देतो. क्लॅरिनेट चाव्यांचं वाद्य, म्हणून त्यावर स्वर तुटकच निघणार, ही समजूत अजून जात नाही. रायचूरचे नरसिंहलू वडवाटी यांचं हिंदुस्तानी वादन किंवा ए. के. सी. नटराजन यांचं कर्नाटक वादन ऐकलं की ती दहा मिनिटांत जाते. काम जीभ, घसा आणि बोटं करतात. माउथपीस-रीडच्या जोडीने फक्त आडवं यायचं नाही. म्हणून इथे कसोट्या तीनच लावल्या आहेत: स्वर खाली किती येतो, सावकाश येतो की गचकन पडतो, आणि परत नेमका जागेवर बसतो का. तिसरी कसोटी सगळ्यांत अवघड. जाहिरातीत तिचा उल्लेख कधी नसतो.

आता माप. रीडचं टोक आणि माउथपीसची कड यांच्यामध्ये जी फट असते तिला टिप ओपनिंग म्हणतात. बी ४५ची फट १.१९५ मिमी आहे. नव्या क्लॅरिनेटसोबत हमखास येणाऱ्या यामाहा ४सीची १.०५, वँडोरेनच्याच ५आरव्ही लायरची १.०९, एम ३०ची १.१५ आणि ५जेबीची तब्बल १.४७. ४सी आणि बी ४५ यांच्यातला फरक साध्या कागदाच्या दीड पानाएवढा, पण ओठाला तो लगेच कळतो. फट अरुंद असली की रीडला वाकायला जागा कमी, त्यामुळे ओठ सैल करून स्वर उतरवायलाही वाव कमी. फट रुंद असली की वाव वाढतो, पण स्वर जागेवर धरून ठेवायची जबाबदारी पूर्णपणे वाजवणाऱ्यावर येते. बी ४५ या दोन्हींच्या मधे पडतो. फेसिंग, म्हणजे रीड सपाट भागावरून सुटून जिथे वळायला लागते तिथपासून टोकापर्यंतचा भाग, मध्यमपेक्षा थोडं लांब आहे. रीडचा बराच भाग मोकळा कंप पावतो आणि खालच्या ओठाला पकड पुढे-मागे करून योग्य जागा शोधता येते.

वँडोरेनच्याच बी ४० माउथपीसची फटही नेमकी १.१९५च आहे, मग तो का नको? बी ४०ची टोकाकडची कड जास्त रुंद आहे. आवाज गोल आणि भरीव येतो, पण स्वर लवकर हलत नाही. ऑर्केस्ट्रात हा गुण. मींडेला अडचण.

रीड हा या जोडीतला स्वस्त भाग आणि फरक पाडण्यात पहिला. वँडोरेनच्या निळ्या डब्यातल्या ‘ट्रॅडिशनल’ रीडची बुडाची जाडी २.८ मिमी आणि टोकाची ०.०९ मिमी. चंदेरी डब्यातल्या व्ही१२चं बूड ३.१५ आणि टोक ०.१० मिमी. मींडेसाठी आमची पसंती निळ्या डब्याला, कारण पातळ टोक जिभेच्या हालचालीला लवकर दाद देतं. व्ही१२वर आवाज जास्त भरदार, पण स्वर उतरताना मधेच एक पायरी जाणवते. दोन्ही डब्यांवर नंबर सारखा असला तरी कडकपणा सारखा नसतो, हे विकत घेताना ध्यानात ठेवावं. बी ४५वर निळी २½ने सुरुवात करावी. वरचे स्वर सतत उतरे लागत असतील तरच ३. २½च्या खाली जाऊ नये. २ नंबरवर मींड लोण्यासारखी निघते, पण तार षड्ज शेवटपर्यंत उतराच राहतो आणि जोरात फुंकलं की रीड माउथपीसला चिकटून आवाजच बंद होतो.

डब्यात रीड दहा असतात, पण त्यातल्या मींडेच्या कामाच्या फार तर चार-पाच. बाकीच्या वाईट नसतात, एका बाजूला जड असतात इतकंच. परीक्षा सोपी आहे. माउथपीस तोंडात किंचित डावीकडे वळवून वाजवा, मग उजवीकडे. ज्या बाजूला आवाज कोंडतो ती बाजू जड. पाण्याने ओल्या केलेल्या ६०० नंबरच्या पॉलिश पेपरवर त्या बाजूचा उतार दोन-तीनदा हलक्या हाताने घासा आणि पुन्हा वाजवून बघा. टोकाच्या शेवटच्या दोन मिलिमीटरना हात लावू नका, तिथली चूक परत भरून येत नाही.

रीड बसवण्यावरही बरंच अवलंबून आहे. समोरून बघताना रीडच्या टोकावर माउथपीसची काळी कड केसाएवढी दिसली पाहिजे. रीड केसभर खाली सरकवली की मऊ वाजते, वर नेली की कडक. म्हणजे एकाच रीडवर अर्ध्या नंबरचा फरक फुकटात मिळतो. लिगेचर, म्हणजे रीड माउथपीसवर आवळून धरणारा पट्टा, माउथपीसवर कोरलेल्या रेघांच्या आत असावं, खालचा स्क्रू घट्ट आणि वरचा नुसता टेकलेला. वरचा स्क्रू आवळला की रीडचं कंपन दबतं आणि स्वर उतरवताना घरघर येते.

आता हे सगळं कशासाठी, ते. क्लॅरिनेटच्या खालच्या सप्तकात नळीचा जोर इतका असतो की तोंडाच्या आत काहीही केलं तरी स्वर २०-३० सेंटच्या पलीकडे सहसा हलत नाही (१०० सेंट म्हणजे एक अर्धस्वर). वरच्या सप्तकात नळीचा जोर कमी पडत जातो आणि घसा-तोंडाच्या पोकळीचा अनुनाद रीडवर हुकूम चालवू लागतो. सिडनीच्या न्यू साउथ वेल्स विद्यापीठातल्या संशोधकांनी २००९ मध्ये वाजवणाऱ्याच्या तोंडातला हा अनुनाद मोजून दाखवला. त्यांच्यासमोर उदाहरण होतं गर्श्विनच्या ‘रॅप्सडी इन ब्लू’च्या सुरुवातीच्या प्रसिद्ध घसिटीचं. १२ फेब्रुवारी १९२४ला न्यूयॉर्कमध्ये ही रचना पहिल्यांदा सादर झाली. कागदावर सुटे स्वर लिहिले होते, क्लॅरिनेटवादक रॉस गॉर्मनने त्यांची अखंड घसीट केली. तिच्या खालच्या टप्प्यात बोटं चालतात, वरच्या टप्प्यात घसा. हे एकदा पटलं की सरावाचा क्रम आपोआप ठरतो: वरून सुरुवात करायची आणि खाली यायचं. बहुतेक जण उलट करतात, खालच्या सप्तकात जबडा हलवत बसतात आणि महिनाभरात सोडून देतात.

पहिली पायरी नुसता माउथपीस आणि बॅरल, म्हणजे माउथपीस ज्यात बसतो तो नळीचा आखूड तुकडा. कडक पकडीत नेहमीसारखं फुंकलं की तार सप्तकातली काळी तीन लागते, सुमारे ७४० हर्ट्झ. ट्यूनर समोर ठेवा आणि बोटं, जबडा, काहीही न हलवता तो स्वर पांढरी तीनपर्यंत खाली आणा. कसा? जिभेचा मागचा भाग ‘ई’च्या जागेवरून ‘ओ’च्या जागेवर उतरवायचा. शिट्टी वाजवताना सूर खाली घसरवला की जीभ जे करते, तेच. दात माउथपीसवर घट्ट, ओठांचे कोपरे घट्ट, फक्त खालच्या ओठाचा दाब किंचित कमी. फुंक मात्र कमी करायची नाही. स्वर उतरताना हवा थोडी जास्तच लागते. चार मात्रांत खाली, चार मात्रा तिथेच थांबून, चार मात्रांत वर. खाली थांबणं टाळलं तर ती मींड राहत नाही, नुसता हेलकावा होतो.

बी ४५ आणि २½वर हे जमायला लागलं की पूर्ण क्लॅरिनेट जोडून वरचा सी धरा, म्हणजे फक्त अंगठा आणि रजिस्टर चावी (स्वर वरच्या पट्ट्यात, म्हणजे दुसऱ्या रजिस्टरमध्ये, नेणारी). बोटं तशीच ठेवून तो बीपर्यंत आणा. या जोडीवर अर्धा स्वर लवकर जमतो आणि मुरल्यावर पूर्ण स्वरही. मग बी, ए, जी असं एकेक स्वर खाली येत तेच करा. प्रत्येक पायरीला मिळणारं अंतर घटत जाईल. हा दोष नाही, नळीचा स्वभाव आहे. ४सीवर आणि त्याच रीडवर वरच्या सीपासून अर्धा स्वर येतो, पण शेवटचे काही सेंट रेटून काढावे लागतात आणि परतताना स्वर टुणकन उडी मारतो. ५जेबीवर स्वर हवा तितका खाली येतो, पण परतताना कुठे थांबेल याचा भरवसा नाही. तिसरी कसोटी म्हणायची ती हीच, आणि बी ४५ तिच्यात उजवा ठरतो.

षड्ज कुठे धरायचा, हा प्रश्न माउथपीसच्या दुकानात कुणी विचारत नाही, पण मींडेचा निम्मा हिशोब तिथेच लागतो. नेहमीच्या बी फ्लॅट क्लॅरिनेटवरचा सी म्हणजे हार्मोनियमची काळी पाच. मधल्या सीवर षड्ज धरला तर सगळं मध्य सप्तक दुसऱ्या रजिस्टरमध्ये येतं, म्हणजे जिथे जीभ-घशाचं चालतं तिथे. दोन रजिस्टरमधला मुख्य सांधा, जिथे जवळजवळ सगळी भोकं एकदम झाकावी लागतात, तो मंद्र कोमल आणि शुद्ध निषादाच्या मध्ये जातो. याउलट मोकळ्या (एकही भोक न झाकता निघणाऱ्या) जीवर, म्हणजे पांढरी चारमध्ये षड्ज धरला की तोच सांधा कोमल आणि शुद्ध गंधाराच्या मध्ये येतो. मग यमनमध्ये रिषभावरून गंधारावर मींडेने जाणं जवळपास अशक्य. बँडमध्ये ट्रम्पेटबरोबर पट्टी ठरते, तिथे इलाज नाही. एकट्याने वाजवायचं असेल तर काळी पाच घ्या.

काळी पाचमध्ये दरबारीचा आंदोलित गंधार म्हणजे ई फ्लॅट. तो उजव्या करंगळीच्या चावीने निघतो. ही चावी एकदम न सोडता मिलिमीटरभर उघडी ठेवून हलवली आणि सोबत जीभ ‘ई-ए’ अशी झुलवली की आंदोलन मिळतं. फक्त चावीने केलं तर आवाज कोंडतो, फक्त जिभेने केलं तर अंतर अपुरं पडतं. दोन्हींचा मेळ घालायचा.

बोटांची मींड वेगळी. पंचमावरून (जी) तार षड्जाकडे (सी) जाताना डाव्या हाताची अनामिका, मग मधलं बोट, मग तर्जनी, प्रत्येक बोट उचलायचं नाही, तळहाताकडे ओढत भोक हळूहळू उघडं करायचं. जिथे भोकाला रिंग आहे तिथे बोट सरकताना रिंग दाबलेलीच राहिली पाहिजे. रिंग सुटली की तिला जोडलेलं पॅड उघडतं आणि स्वरात खाच पडते. म्हणूनच चाव्यांच्या जुन्या अल्बर्ट पद्धतीच्या क्लॅरिनेटवर बोटांची मींड आजच्या नेहमीच्या बोहेम पद्धतीपेक्षा सोपी. तिथे रिंगा कमी, भोकं मोकळी. घरात किंवा बँडच्या पेटीत अल्बर्ट पडून असेल तर मोडीत काढू नका.

बिघडतं कुठे? स्वर उतरवताना एकदम धडकन खूप खालचा स्वर लागला, तर जीभ फार लवकर पाडली आणि फुंक ढिली झाली. चिरकलं, तर बहुधा माउथपीस तोंडात जास्त गेला आहे, नाहीतर रीडचं टोक एका कोपऱ्यात फाटलं आहे. ट्यूनरवर स्वर उतरतो पण ऐकताना नुसता मंद वाटतो, तर जबडा उघडला आहे आणि कोपऱ्यांतून हवा गळते आहे. आरशासमोर बसलं की हनुवटी हलताना दिसतेच. स्वर अजिबात हलत नसेल आणि रीड २½चीच असेल, तर ओठाने चावण्याची सवय आहे, तिथे माउथपीस बदलून काही होणार नाही.

बी ४५बद्दल तक्रारीही आहेत. नेहमीचा बी ४५ चढा वाजतो, म्हणजे त्याचा ए ४४२ हर्ट्झच्या आसपास लागतो. आपली हार्मोनियम आणि तानपुऱ्याची ॲप ४४०ला लावलेली असतात. त्यात हवा तापली की दर अंशाला साधारण ३ सेंट चढतात. मे महिन्याच्या दुपारी बॅरल मिलिमीटर-दीड मिलिमीटर बाहेर काढावाच लागतो. जास्त ओढला तर सांध्याजवळचे जी, ए हे स्वर बाकीच्यांपेक्षा जास्त उतरतात. वारंवार गरज पडत असेल तर ६६ मिमीऐवजी ६७चा बॅरल घेणं बरं. दुसरी अडचण मेरठमध्ये बनणाऱ्या क्लॅरिनेटची. बॅरलचं तोंड प्रत्येक वाद्यात सारखं नसतं. माउथपीस सैल बसला तर कॉर्कवर एक पातळ थर चढवता येतो, घट्ट बसला तर कॉर्क घासावा, बॅरलचं लाकूड नाही. जुन्या अल्बर्टवर बसला तरी खालचा आणि वरचा स्वर जुळतो का ते बघा: खालचा सी वाजवून फक्त रजिस्टर चावी दाबली की वरचा जी सुरात आला पाहिजे. १५ सेंटपेक्षा जास्त फरक पडला तर ती जोडी सोडून द्या.

कृत्रिम रीडचं काय? कॅनडाच्या लेजेर कंपनीच्या प्लास्टिकच्या रीड्स पाव-पाव नंबराच्या अंतराने मिळतात, ओल्या कराव्या लागत नाहीत, आणि कोकणातल्या पावसाळ्यात वेताच्या रीडचं टोक लाटेसारखं वाकतं तेव्हा त्यांचं मोल कळतं. स्वर खाली सहज येतो. परतताना मात्र ओठाला पकड कमी वाटते आणि तार सप्तकात उतरेपणा राहतो. एकीच्या किमतीत वेताच्या रीडचा जवळपास अख्खा डबा येतो. मंचावर नेण्यासाठी एक जवळ असावी, शिकण्यासाठी वेतच.

पैशांचं म्हणाल तर बी ४५ची किंमत ४सीच्या तिप्पट-चौपट पडते. म्हणून आधी आहे त्या माउथपीसवर २½ची निळी रीड लावून महिनाभर बॅरलचा सराव करा. पूर्ण स्वर खाली येऊन परत बसायला लागला आणि तरी वरच्या सीवर रेटावं लागतंय असं वाटलं, की मग खरेदी. मुंबईत धोबी तलावच्या फुर्टाडोजसारख्या दुकानात जाणार असाल तर आपलं क्लॅरिनेट, आपल्या दोन वाजत्या रीड्स आणि ट्यूनर घेऊन जा. शक्य असेल तर बी ४५चेच दोन-तीन नग मागा, त्यांच्यातही फरक असतो. टोकाच्या कडेवर नख फिरवून बघा, खरबरीत लागली तर तो नग बाजूला ठेवा. नवा माउथपीस गरम पाण्याने कधी धुवायचा नाही, कोमट पुरे. गाडीत उन्हात ठेवला तर एबोनाइट (माउथपीसचं कडक रबर) हिरवट-तपकिरी पडतं आणि जिभेला गंधकाची चव लागते. दातांखाली चिकटवायची रबरी टिकली पहिल्याच दिवशी लावा. दात घसरेनासे झाले की ओठाची चावायची सवय बरीच कमी होते.